घरी रेकॉर्ड केलेला अभंग संगणकावर मिक्स करताना

मिक्सिंग शिकायला बसलं की पहिल्या दिवसापासून किक ड्रम, बेस गिटार आणि इलेक्ट्रिक गिटारचे आकडे कानावर पडतात. किक ६० हर्ट्झला उचला, गिटार १०० च्या खाली कापा, आवाजाला ३ किलोहर्ट्झवर धार द्या. आकडे चुकीचे नाहीत. पण ज्या संगीतासाठी ते सांगितले जातात, त्यात दर काही मात्रांनी कॉर्ड बदलते आणि खालचा सूरही हलत राहतो. अभंगात तसं होत नाही. तानपुरा, पेटी, पखवाजाची शाईची बाजू आणि बुवांचा आवाज, सगळे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच षड्जाला धरून असतात. त्यामुळे सा आणि पंचमाच्या आसपास ऊर्जेचा ढीग साचतो. घरच्या रेकॉर्डिंगमधला अभंग ‘घुमतोय’ किंवा ‘गढूळ वाटतोय’ अशी तक्रार असते, तिचं मूळ बहुतेक वेळा या ढिगात असतं.

म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरतो. एका खोलीत सगळे एकत्र बसून गायलेला अभंग. बुवांचा आवाज, मागे झील धरणारे तीन-चार जण, पेटी, पखवाजाच्या दोन्ही तोंडांना एकेक माइक, टाळ, आणि थेट वायरने घेतलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा. प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर आहे, पण प्रत्येकात बाकीच्यांचाही थोडाथोडा आवाज शिरलेला आहे.

सामान

प्रोग्राम म्हणून मी रीपर धरला आहे. विनॅम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांच्या कोकोस कंपनीचा हा प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो, जुन्या लॅपटॉपलाही झेपतो. ६० दिवस वापरून पाहता येतो, नंतर घरगुती परवाना ६० डॉलरला मिळतो. आर्डर, क्युबेस, लॉजिक यांपैकी काही हाताशी असेल तर तेच वापरा, पुढचं सगळं तिथेही लागू आहे. प्लगइन (प्रोग्रामला जोडायची छोटी साधनं) विकत घ्यायची गरज नाही. रीपरबरोबर येणारे रीईक्यू (सुरांचा एखादा पट्टा कमी-जास्त करणारा ईक्यू) आणि रीकॉम्प (मोठा आवाज दाबणारा कॉम्प्रेसर) पुरतात. जोडीला तीन मोफत गोष्टी उतरवून ठेवा: टोकियो डॉनचा नोव्हा हा डायनॅमिक ईक्यू (आवाज वाढेल तेव्हाच पट्टा दाबणारा), वॉक्सेन्गोचा स्पॅन हा ॲनलायझर (कुठल्या सुरात किती ऊर्जा आहे ते दाखवणारा) आणि यूलीनचा लाउडनेस मीटर.

हेडफोन कोणता, यापेक्षा तो तुमच्या ओळखीचा आहे का, हे महत्त्वाचं. ज्या हेडफोनवर वर्षभर गाणी ऐकली आहेत, तो नव्या महागड्या हेडफोनपेक्षा सुरुवातीला जास्त खरं सांगतो. स्पीकर असतील तर दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, मागच्या भिंतीवर जाड गोधड्या टांगा. गोधडीने वरचे सूर शोषले जातात, खालचे नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

खोलीचा हिशेब मात्र करून ठेवा. १२ फूट लांबीच्या खोलीत त्या लांबीमुळे साधारण ४७, ९४ आणि १४१ हर्ट्झचे सूर फुगतात. बुवा काळी एक पट्टीत गात असतील तर त्यांचा सा १३८.६ हर्ट्झचा. म्हणजे खोलीचा तिसरा फुगवटा जवळजवळ त्यांच्या षड्जावरच बसतो. अशा खोलीत स्पीकरवर मिक्स करणारा माणूस सा जास्त ऐकतो, घाबरून तो कापतो, आणि दुसरीकडे वाजवल्यावर गाणं पोकळ वाटतं. खालच्या सुरांचे निर्णय हेडफोनवर पडताळून घ्या.

आवाजाची पातळीही एकच ठेवा. कमी आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. रात्री हळू आवाजात केलेल्या मिक्समध्ये पखवाज सकाळी अंगावर येतो, तो यामुळे.

फाइली लावणे

नवीन प्रोजेक्ट काढा, ४८ किलोहर्ट्झ ठेवा, ‘सेव्ह ॲज’ करताना सगळं ऑडिओ प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याचा पर्याय निवडा. हे आत्ता केलं नाही, तर पुढे कुणाला प्रोजेक्ट पाठवाल तेव्हा त्याच्याकडे रिकामे ट्रॅक उघडतील.

ट्रॅकना नावं द्या, रंग द्या. पखवाजाचे दोन ट्रॅक एका फोल्डर ट्रॅकखाली, झीलकऱ्यांचे एका फोल्डरखाली. मग प्रत्येक ट्रॅकची मूळ पातळी अशी ठेवा की सरासरी उणे १८ डीबीच्या (शून्य डीबी म्हणजे संगणकाची कमाल पातळी) आसपास आणि सगळ्यात मोठी थाप उणे ८ ते उणे ६ च्या वर जाणार नाही. हे फेडरने (मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकपट्टीने) करू नका, क्लिपच्या स्वतःच्या व्हॉल्यूमने करा. फेडर पुढच्या कामासाठी त्याच्या शून्याच्या खुणेजवळ मोकळा राहिला पाहिजे, कारण तिथेच बारीक हालचाल करता येते.

लय ग्रिडला (पडद्यावरच्या मात्रांच्या रेघांना) जुळवायच्या फंदात पडू नका. भजनाची लय हळूहळू चढते आणि चढलीच पाहिजे. मेट्रोनोम नसलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ग्रिड बंदच ठेवा. त्याऐवजी मुखडा, पहिला अंतरा, गजर अशा जागांवर मार्कर टाका.

फेज: कंटाळवाणं, पण आधी करायचं काम

फेज म्हणजे एकाच आवाजाच्या दोन लाटांचे चढउतार एकमेकांना जुळतात की नाही ते. एकाच खोलीतल्या अनेक माइकांचा प्रश्न असा. पखवाजाची थाप त्याच्या जवळच्या माइकमध्ये लगेच पोहोचते आणि बुवांच्या माइकमध्ये थोडी उशिरा. आवाजाला १ मीटर जायला साधारण ३ मिलीसेकंद लागतात. तीच थाप ३ मिलीसेकंदांच्या अंतराने दोनदा मिसळली की सुमारे १६७ हर्ट्झला एक खड्डा पडतो, मग ५०० ला, मग ८३३ ला. पहिला खड्डा नेमका पखवाजाच्या अंगात पडतो. लोक मग ईक्यू घेऊन तिथे भर घालत बसतात. खड्डा ईक्यूने भरत नाही, कारण दोन लाटा एकमेकींना खातच राहतात.

करायचं असं. आधी पखवाजाचे दोनच ट्रॅक वाजवा. दोन्ही हातांचा ‘धा’ येईल ती जागा सतत फिरवत ठेवा आणि एका ट्रॅकवरचं फेज उलटवायचं बटण दाबून-सोडून बघा. ज्या स्थितीत ‘धा’ भरदार वाटेल, ती ठेवा. यात डोकं चालवू नका, कानाला विचारा.

मग बुवांचा ट्रॅक जोडा. दोघांमध्ये दीड मीटर अंतर असेल तर बुवांच्या माइकमध्ये पखवाज साधारण साडेचार मिलीसेकंद उशिरा आलेला असतो. पखवाजाचे दोन्ही ट्रॅक तेवढेच मागे सरकवले की दोन्ही थापा एकावर एक बसतात. रीपरमध्ये यासाठी टाइम ॲडजस्टमेंट नावाचं साधं प्लगइन आहे, मूळ क्लिप हलवावी लागत नाही. याची किंमतही आहे: पखवाजाच्या माइकमध्ये शिरलेला बुवांचा आवाज आता दुप्पट उशिरा येतो. पण तो मुळात क्षीण असतो, त्यामुळे हा सौदा बहुतेक वेळा परवडतो. परवडत नसेल तर आवाज लगेच पातळ, नळकांड्यातून आल्यासारखा होतो. मग सरकवणं रद्द करा.

आणि बुवांच्या ट्रॅकवर गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट) लावू नका. दोन ओळींच्या मधला टाळ-पखवाज शांत करण्यासाठी गेट सुचवला जातो, पण गेट उघडला की खोलीतला टाळ एकदम आत येतो, बंद झाला की गायब होतो. त्यापेक्षा मधल्या जागा हाताने ५-६ डीबी खाली घ्या, दोन्ही टोकांना उतार देऊन.

फक्त फेडर

आता एकही प्लगइन न लावता पूर्ण अभंग बसवायचा. माझं मत विचाराल तर चांगल्या मिक्सचा बराच मोठा भाग इथेच ठरतो, आणि शिकणारे नेमकी हीच पायरी उडी मारून ओलांडतात.

सगळे फेडर खाली. आधी बुवा. त्यांचा फेडर शून्याच्या खुणेच्या थोडा खाली ठेवा आणि नंतर हात लावू नका. मग पखवाज असा वाढवा की ठेका पायाला कळेल, पण शब्दाच्या सुरुवातीचं व्यंजन थापेखाली जाणार नाही. मग पेटी. पेटी आणि गळा एकाच पट्ट्यात, एकाच सुरावर चालतात, म्हणून पेटी एवढी वाढवा की अंतऱ्यातला एखादा शब्द निसटू लागेल, आणि तिथून २ डीबी खाली या. तानपुरा उलट्या रीतीने: आधी बंद ठेवून ऐका, मग इतकाच वाढवा की बंद केल्यावर काहीतरी गेल्याचं जाणवेल, चालू असताना मात्र त्याच्याकडे लक्ष जाणार नाही. झीलकरी गजरात बुवांच्या खांद्याला खांदा लावून हवेत, बाकी वेळी दोन पावलं मागे. टाळ सगळ्यात शेवटी.

पॅनिंग (डाव्या-उजव्या कानात जागा देणं) बसल्या जागेप्रमाणे करा. बुवा मधोमध, पखवाज मधोमध किंवा जरासा एका बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला तीस टक्के, झीलकरी दोन्हीकडे पसरलेले. पखवाजाची दोन तोंडं दोन कानांच्या टोकाला नेण्याचा मोह टाळा, नाहीतर पखवाज खोलीएवढा लांब वाटतो. शिवाय बुवांच्या माइकमध्ये पखवाज मधोमधच येतो आहे, तेव्हा दोन्ही चित्रं फार वेगळी झाली की कान गोंधळतो.

याच वेळी तुमच्या आवडीचा, उत्तम रेकॉर्ड झालेला एक अभंग एका ट्रॅकवर आणून ठेवा. तो मास्टर झालेला (प्रकाशनासाठी अंतिम पातळीला आणलेला) असल्याने बराच मोठा वाजेल, तो कमी करून स्वतःच्या मिक्सच्या पातळीला आणा. शब्द किती पुढे आहेत, टाळ खरोखर किती कमी आहे, एवढंच त्यात ऐका. टाळ किती कमी असतो हे पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटतं.

ईक्यू: आधी पट्टी विचारा

ईक्यूला हात लावण्याआधी बुवांची पट्टी माहीत हवी. काळी एक असेल तर मध्य सा १३८.६ हर्ट्झ आणि मंद्र पंचम साधारण १०४. गाणं मंद्र पंचमापर्यंत उतरत असेल तर हाय पास (दिलेल्या आकड्याच्या खालचे सूर कापणारा फिल्टर) ८० च्या वर नेऊ नका. बाई काळी चारमध्ये गात असतील तर सा २०७.७ आणि मंद्र पंचम सुमारे १५६, तिथे हाय पास १२० पर्यंत बिनधास्त न्या. सगळ्या आवाजांना १०० हर्ट्झ असा एकच आकडा लावला तर एका पट्टीत तो खर्जाला चावतो आणि दुसऱ्या पट्टीत निम्मा कचरा ठेवतो.

रीईक्यू उघडा, पहिला पट्टा लो शेल्फ असतो, तो बदलून हाय पास करा. आता मुख्य काम: त्या षड्जाच्या ढिगातून वाट काढणं. सा च्या जागी सगळेच असतात, तेव्हा तिथे कोण मालक, हे ठरवा. मी पखवाज आणि बुवांना ठेवतो. पेटीवर हाय पास सरळ मध्य सा च्या वर, म्हणजे १६०-१८० पर्यंत नेतो. पेटी एकटी ऐकली तर बारीक वाटते, पण सगळ्यांत ऐकली तर कुणाला पत्ता लागत नाही. तानपुऱ्याचंही तेच. काळी एकच्या तानपुऱ्यात खर्जाची तार ६९ हर्ट्झला असते, पण तानपुऱ्याचा जीव जवारीतून निघणाऱ्या वरच्या स्वरांत असतो. १२० च्या खालचं सगळं काढलं तरी कान त्या वरच्या स्वरांवरून खर्ज स्वतःच भरून घेतो.

‘सोलो’ बटण दाबून, म्हणजे एकच ट्रॅक ऐकत, ईक्यू करण्याची सवय मोडा. एकटी वाजणारी पेटी सुंदर करणं आणि अभंगातली पेटी बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

पखवाजाला जपून हात लावा. शाई लावलेल्या आपल्या चर्मवाद्यांचे उपस्वर मूळ सुराच्या पूर्णांक पटीत येतात, म्हणूनच ती सुरात लागतात. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’मध्ये यावर लिहिलं होतं. पाश्चात्त्य ड्रमचे उपस्वर तसे जुळत नाहीत, तिथे एखादा अरुंद पट्टा ६ डीबी उचलला तरी चालून जातं. इथे तोच पट्टा सा आणि रे च्या मध्ये कुठे उचलला, तर पखवाज उतरल्यासारखा वाटू लागतो. भर घालायची तर रुंद आणि २-३ डीबी, कमी करायचं तर अरुंद. कणीक लावलेल्या डाव्या बाजूची घुमक ६० ते १०० च्या दरम्यान शोधा. बोटांची स्पष्टता २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये मिळते.

बुवांच्या आवाजातला ‘डब्यातला’ भाग बहुधा ३०० ते ५०० मध्ये सापडतो. एक पट्टा ८ डीबी वर उचलून हळूहळू फिरवा, जिथे सगळ्यात वाईट वाटेल तिथे ३ डीबी कमी करा. फिरवताना एका जागी फार रेंगाळू नका. ८ डीबी उचललेलं काहीही वाईटच वाटतं आणि माणूस विनाकारण कापत सुटतो.

टाळ

टाळाला वेगळा परिच्छेद द्यावाच लागतो. काशाच्या त्या दोन वाट्या बुवांच्या माइकमध्येही तेवढ्याच शिरतात. त्यांची ऊर्जा ३ किलोहर्ट्झपासून पार वरपर्यंत पसरलेली असते, आणि शब्द ज्यांमुळे कळतात ते स, श, च, ट, ठ हे सगळे तिथेच राहतात. टाळाचा फेडर पूर्ण खाली नेला तरी टाळ ऐकू येत असेल, तर त्याचा स्वतंत्र ट्रॅक जवळजवळ बंद ठेवायला हरकत नाही. ते खुशाल करा. मंडळातला टाळकरी विचारील, पण शब्द ऐकू आल्यावर गप्प बसेल.

स्वतंत्र ट्रॅक लागत असेल तर ८ किलोहर्ट्झच्या वर थोडा उतार द्या आणि गजरात वाढवा, अंतऱ्यात घटवा. बुवांच्या ट्रॅकवरच्या टाळासाठी नोव्हा वापरा: ५ किलोहर्ट्झच्या आसपास एक रुंद पट्टा असा लावा की टाळ वाजल्यावर तेवढ्यापुरता ३ डीबी दबेल. थ्रेशोल्ड (ज्या पातळीला दाब सुरू होतो ती) लावताना बुवांचा ‘श’ बोथट होऊ लागला की मागे या. त्यापलीकडे टाळ काढण्याचा उपाय मिक्समध्ये नाही. पुढच्या रेकॉर्डिंगला टाळकऱ्यांना बुवांच्या माइकच्या पाठीमागे बसवणं, हा आहे. कार्डिऑइड माइक मागून सगळ्यात कमी ऐकतो.

आधी हात, मग कॉम्प्रेसर

बुवा पखवाजीकडे मान वळवतात, तानेला मागे सरकतात, आलापाला माइकजवळ येतात. हे सगळं कॉम्प्रेसरवर सोडलं की तो ओळींच्या मध्येही काम करतो आणि शब्द संपला रे संपला की खोलीतला टाळ वर खेचून आणतो. लीकेज असलेल्या, म्हणजे एकाच्या माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज शिरलेल्या, रेकॉर्डिंगमध्ये जोरदार कॉम्प्रेशन चालत नाही, ते यामुळे.

म्हणून आधी क्लिपवरच व्हॉल्यूमची रेघ काढून ओळीमागून ओळ सपाट करा. पूर्ण सपाट नाही, निसटणारे शब्द उचला आणि टोचणारी तान १-२ डीबी खाली घ्या. वेळ जातो, पण या कामात अभंग पाठ होतो आणि कुठे काय हवं ते कळतं. मग रीकॉम्प: गुणोत्तर (किती दाबायचं) २.५ ला १, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) २० मिलीसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १५० च्या आसपास, आणि थ्रेशोल्ड असा की जोरदार जागी ३ ते ४ डीबी दबेल. ‘ऑटो मेकअप’ची खूण काढून टाका, नाहीतर कॉम्प्रेसर लावताच आवाज वाढतो आणि वाढलेला आवाज नेहमी चांगलाच वाटतो. लावून आणि बंद करून दोन्ही वेळा पातळी सारखी असेल, तरच तुलना खरी.

पखवाजाला कॉम्प्रेसर बहुतेक वेळा लागत नाही. लावलाच तर अटॅक ३० मिलीसेकंद ठेवा, म्हणजे थापेचं टोक शाबूत राहील.

रिव्हर्ब

कार्यक्रमात ‘एको जरा वाढवा’ अशी चिठ्ठी साउंडवाल्याकडे हमखास येते. घरी ती चिठ्ठी देणारा आणि घेणारा आपणच, तेव्हा जरा आवरा. रिव्हर्ब (मोठ्या जागेची घुमक देणारा इफेक्ट) वेगळ्या ट्रॅकवर ठेवा आणि बाकीच्यांकडून सेंड (आवाजाची प्रत) पाठवा. रीव्हर्बेट चालेल, ओरिलरिव्हर हा मोफत रिव्हर्ब त्याहून गोड आहे. प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीची थांब) ४० मिलीसेकंद, म्हणजे शब्द आधी स्वच्छ येतो आणि मग मागे जागा उघडते. शेपूट पावणेदोन सेकंदांच्या आत.

रिव्हर्बच्या आधी त्याच ट्रॅकवर ईक्यू लावून खालून आणि वरून कापा. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ६०० हर्ट्झच्या खालचं आणि १० किलोहर्ट्झच्या वरचं काढूनच आवाज रिव्हर्बकडे पाठवायची पद्धत होती. आपल्याला वरून आणखी खाली यावं लागतं, ६ किलोहर्ट्झपर्यंत, कारण बुवांच्या सेंडबरोबर टाळही जातो आणि शेपूट संपेपर्यंत झणझणत राहतो. टाळाच्या ट्रॅकवरून सेंड द्यायचाच नाही. तानपुऱ्याला थोडा जास्त चालतो. वायरने आलेला तो एकटाच आवाज खोलीबाहेरचा असतो, रिव्हर्बमुळे तो बाकीच्यांत येऊन बसतो.

मोनो, पातळी, रेंडर

मास्टरवरचं (सगळे ट्रॅक जिथे एकत्र होतात तिथलं) मोनोचं, म्हणजे डावं-उजवं एकत्र करणारं, बटण दाबून पूर्ण अभंग एकदा ऐका. मंदिरातले कर्णे, मंडळाचा स्पीकर, स्वयंपाकघरातला ब्लूटूथ डबा, सगळीकडे तो मोनोतच वाजणार आहे. मोनोत झील गायब झाली तर फेजकडे परत जा.

रेंडरच्या (मिक्सची एकच फाइल बनवण्याच्या) खिडकीत फाइल न बनवता फक्त मोजून बघण्याचा ‘ड्राय रन’ पर्याय आहे. त्यात एकूण लाउडनेस एलयूएफएस या एककात कळतो. यूट्यूब आणि स्पॉटिफाय साधारण उणे १४ ला धरतात. यूट्यूब त्याहून मोठं गाणं खाली आणतं, लहान गाणं मात्र वर नेत नाही. अभंगाची संथ सुरुवात आणि गजराचा कळस यांतलं अंतर टिकवायचं, तर उणे १६ वर थांबणं मला पटतं. ट्रू पीक (लाटेचं खरं टोक) उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. त्यासाठी शेवटी लिमिटर (ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा) लावा, पण तो थापेथापेला ३ डीबीपेक्षा जास्त कापत असेल तर मास्टरवर काही करू नका, पखवाजाचा फेडर बघा. शेवटची तानपुऱ्याची गुंज पूर्ण विरू द्या, मगच फेड.

देणं-घेणं

हे तंत्र एकट्याने शिकायला फार वेळ लागतो. दोन-तीन जणांनी तेच कच्चे ट्रॅक घेऊन आपापलं मिक्स करावं आणि एकमेकांना ऐकवावं, यासारखी शाळा नाही. स्वतःचं रेकॉर्डिंग नसेल तर केंब्रिज एमटीच्या संकेतस्थळावर ध्वनिअभियंता माइक सीनियर यांनी शेकडो गाण्यांचे सुटे ट्रॅक सरावासाठी मोफत ठेवले आहेत. त्यात आपली वाद्यं सापडली नाहीत म्हणून सोडू नका, कान तिथेही तयार होतो.

ट्रॅक देताना सगळ्या फाइली एकाच क्षणापासून सुरू होणाऱ्या, सारख्या लांबीच्या, २४ बिट वेव्ह. मास्टरवरचे इफेक्ट बंद. फाइलींची नावं रोमन अक्षरांत ठेवा, काही जुने झिप प्रोग्राम देवनागरीचे चौकोन करतात. सोबत एक साधी मजकुराची फाइल: पट्टी कोणती, ठेका कोणता, कोण कुठे बसलं होतं, माइकांतली अंतरं किती. ही अंतरंच फेजच्या पायरीत उपयोगी पडतात आणि नेमकी तीच कुणी लिहीत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते.

आपलं तंत्र सांगताना नुसते आकडे सांगू नका. ‘मी ४०० ला ३ डीबी कमी केलं’ हे वाक्य दुसऱ्या गळ्याला, दुसऱ्या खोलीला निरुपयोगी आहे. १० सेकंदांचे दोन तुकडे द्या, आधीचा आणि नंतरचा, दोन्ही सारख्या पातळीचे, आणि कोणता कोणता ते सांगू नका. समोरच्याला फरकच कळला नाही, तर तो बदल करण्याची गरज होती का, हा प्रश्न तुमच्याकडे परत येतो. रीपरमध्ये इफेक्टची साखळी स्वतंत्र फाइल म्हणून जतन करता येते, ती सोबत जोडली की समोरचा उघडून बघू शकतो.

फरक नेमका काय आहे हे कानाला पकडता येत नसेल तर दोन्ही फाइली एकावर एक अगदी अचूक लावा आणि एकीचं फेज उलटवा. जे सारखं आहे ते नाहीसं होतं, उरतो तो फक्त फरक. एमपी३ करताना काय गमावलं, कॉम्प्रेसरने कोणती थाप खाल्ली, हे असं उघडं ऐकता येतं.

अभिप्राय देताना वेळ, वाद्य आणि काय होतंय ते सांगा. ‘१:४२ ला विठ्ठलमधला ठ्ठ टाळात बुडतोय’ याचं काहीतरी करता येतं. ‘मजा नाही आली’ याचं काही करता येत नाही. आणि वारंवारता ओळखायचा सराव एकमेकांचा घ्या: एकाने गाण्यावर एक पट्टा १० डीबी उचलायचा, दुसऱ्याने ओळखायचं. आपल्या स्वरांची इथे मदत होते. २५० च्या आसपास उचललं की गाणं ‘ऊ’ म्हणतंय असं वाटतं, ५०० ला ‘ओ’, १ किलोहर्ट्झला ‘आ’, ४ ला ‘ई’ आणि ८ ला नुसता ‘स्स’. काही आठवड्यांत ॲनलायझरकडे बघण्याआधीच तोंडातून आकडा निघतो.

ट्रॅक जाहीरपणे वाटण्याआधी सगळ्या वादकांची परवानगी घ्या. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण चाल अलीकडच्या संगीतकाराची असेल तर त्या चालीवर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. आपसांत सराव करणं वेगळं आणि यूट्यूबवर टाकणं वेगळं. पारंपरिक वारकरी चालीवर सराव केला तर हा प्रश्नच येत नाही.

मिक्स झाल्यावर फोल्डरमध्ये तीन गोष्टी ठेवा: कच्चे ट्रॅक, प्रोजेक्टची फाइल आणि प्रत्येक ट्रॅकचं इफेक्टसह केलेलं रेंडर. नवीन संगणकावर एखादं प्लगइन मिळालं नाही तर प्रोजेक्ट अर्धाच उघडतो, तेव्हा ही रेंडरं कामाला येतात. आणि बुवांनी दोन वर्षांनी ‘फक्त पेटी जरा कमी करून दे’ म्हटलं, तर ते पाच मिनिटांत होतं.